ईव्ही की पेट्रोल? घोडबंदर रोडच्या माणसाने काय घ्यावं?

कासारवडवलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमची पेट्रोल हॅचबॅक आता थकली. क्लच प्लेट पुन्हा गेली तेव्हाच घरात ठराव झाला, आता नवी घ्यायची. बजेट सगळं धरून १४ लाखांच्या आत. वापर असा: मी रोज ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून नवी मुंबईत महापेला, जाऊन-येऊन ४५ किमीच्या आसपास. सौ. अधूनमधून मुलांना क्लासला सोडते. गणपतीत आणि मे महिन्यात लांज्याला गावी, साधारण साडेतीनशे किमी. बाकी उपवन, येऊर, फार तर कर्जत.

माझा कल ईव्हीकडे, म्हणजे विजेच्या गाडीकडे आहे. बाबा म्हणतात, "पंपावर पाच मिनिटांत टाकी भरते, ते सोडून वायरी कसल्या ओढत बसतोस?" मेहुण्याने कॅलक्युलेटर काढून बरोबर उलटं पटवलं. दोघांचं ऐकून डोक्याचा भुगा झालाय. ज्यांनी गाडी खरोखर वापरली आहे त्यांनी सांगा. शोरूममधलं भाषण पाठ झालंय, ते नको.

माजिवडा_सिग्नल

घ्या. पुढचा प्रश्न?

काठावरचा

खुर्ची पकडून बसलोय. सीएनजीवाले अजून कसे उगवले नाहीत?

सीएनजीवाला

उगवलो. पंपावर रांगेत होतो, म्हणून उशीर झाला.

गंमत सोडा. १४ लाखांत कंपनी फिटेड सीएनजी घ्या आणि डोकं शांत ठेवा. किलोला ८०च्या घरात दर, गाडी २० ते २२ किमी देते, गॅस संपला तर पेट्रोल आहेच. फॅक्टरीतून किट बसून येतं, वॉरंटी जात नाही. ईव्हीत पैसे घालून चार्जर शोधत फिरण्यापेक्षा कधीही बरं.

माजिवडा_सिग्नल

@सीएनजीवाला आणि डिकी?

सीएनजीवाला

डिकी नाही म्हणून सासुरवाडीहून फणस येत नाहीत. हा फायदा कोणी मोजतच नाही.

आकडेमोड

धागाकर्त्यांचा मेहुणा बरोबर आहे, पण अर्धाच. मांडून दाखवतो.

महिन्याला ११०० किमी धरा. घोडबंदर रोडला पेट्रोल गाडी लिटरला १२ देते असं मानू (कंपनी २० म्हणेल, तिला मेट्रोच्या खांबांमधून जाऊन दाखवायला सांगा). म्हणजे ९२ लिटर, १०३ च्या दराने साडेनऊ हजारांच्या आसपास. ईव्ही युनिटला ६ किमी देते असं धरलं, चार्जिंगमधली गळती धरून, तर १८३ युनिट. घरच्याच मीटरवर घेतलं तर घरचा वापर वरच्या स्लॅबमध्ये जातो, म्हणून १६ रुपये धरले. झाले २९००. महिन्याला साडेसहा हजार वाचले, वर्षाला ७८ हजार. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ईव्ही तीन लाखांनी महाग पडली तर वसुलीला चार वर्षं. विम्याचा हप्ता ईव्हीला जास्त बसतो, तो धरून थोडं पुढे ढकला. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. तो मीटर मिळाला तर खर्च अजून उतरतो.

आता मेहुणा जे सांगत नाही ते. तुमची गाडी महिन्याला ४०० किमीच फिरत असती तर हेच गणित दहा वर्षांच्या पलीकडे जातं. तेव्हा खुशाल पेट्रोल घ्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ईव्हीचा आधीपासूनच ५ आहे, तो आणखी कुठे उतरणार? त्यामुळे किमतीतली दरी पुन्हा रुंदावली.

काठावरचा

पेट्रोलवाल्यांनी ई२० पण धरा हिशेबात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळलं की अॅव्हरेज थोडं मार खाणारच, दर मात्र तोच.

नेरूळची_मावशी

मी निवृत्त शिक्षिका, नेरूळला सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहते. छोटी इलेक्ट्रिक गाडी आहे, सगळ्यात लहान बॅटरीची. गेटच्या आत उभी राहते, पोर्चमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट आहे. रात्री जेवणं झाली की लावते, सकाळी काढते. मोबाइल लावतो तितकंच काम. वाशीचं मार्केट, बेलापूरला बहिणीकडे, पाम बीच रोडने सीवूड्स, एवढंच माझं जग. क्लच नसल्यामुळे डाव्या गुडघ्याची सुट्टी झाली, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा, आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

लांबच्या प्रवासाला मुलाची गाडी किंवा रेल्वे.

माजिवडा_सिग्नल

मावशी, तुमचं गेट आणि पोर्च आम्हाला द्या, आम्ही पण ईव्ही घेतो.

वाघबीळ_सेक्रेटरी

वरच्या प्रतिसादात गंमत म्हणून लिहिलंय, पण सगळी मेख तिथेच आहे. बॅटरी, रेंज, मायलेज यावर लोक रात्र रात्र भांडतात. ठाण्यात पहिला प्रश्न एकच: तुमच्या पार्किंगपर्यंत तुमची स्वतःची वायर येते का?

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कोणी विचारायच्या आत सांगतो, बिनपगारी). तीन विंग, खाली स्टिल्ट (खांबांमधलं मोकळं पार्किंग), वर दोन मजले पोडियम पार्किंग. पहिला अर्ज आला तेव्हा कमिटीत कोणाला काहीच माहीत नव्हतं. आता जरा अक्कल आली आहे, म्हणून लिहितो.

मीटर रूम ए विंगच्या तळात. अर्जदाराची गाडी सी विंगच्या पोडियमवर. मधे फायर लाइन, ड्रेनेजचे पाइप आणि एका सभासदाने ठेवलेलं जुनं कपाट. चांगल्या जाडीची आर्मर्ड केबल, ट्रे, एमसीबी, आरसीसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारे स्विच) आणि नीट अर्थिंग, या सगळ्याचा खर्च कंपनी फुकट देते त्या चार्जरपेक्षा जास्त झाला. चार्जर फुकट मिळतो, त्याच्यापर्यंत वीज पोचवणं फुकट नसतं. कंपनीचा माणूस येतो तो ठराविक लांबीपर्यंतची केबल मोफत म्हणतो, पुढचं तुमचं.

दुसरं, भार. चार लोकांनी ७.२ किलोवॅटचे चार्जर लावले आणि रात्री अकराला एकदम चालू केले, तर तीसेक किलोवॅट वाढले. आज चालेल. चाळीस लोकांनी लावले तर ट्रान्सफॉर्मरचाच विषय निघेल. म्हणून आम्ही ठरवलं, एकेकाची वायर ओढत बसायचं नाही. एक सामाईक फीडर (सगळ्यांसाठी एकच मोठी मुख्य वायर) पोडियमवर आणायचा, त्यावरून ज्याला हवं त्याने मीटर लावून घ्यायचं.

तिसरं, सर्वसाधारण सभा. "गाडी पेटली तर?" हा प्रश्न आलाच. मग ज्यांच्याकडे गाडीच नाही ते म्हणाले, आमच्या वर्गणीतून यांचे लाड का. तासभर गोंधळ. शेवटी ठरलं, फीडरचा खर्च वापरणाऱ्यांनीच उचलायचा, नंतर येणारा त्याचा वाटा भरून जोडला जाईल.

सप्टेंबर २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मालकाला घरच्या जोडणीवरून किंवा वेगळी जोडणी घेऊन गाडी चार्ज करता येते. पण कागद दाखवून कमिटीशी भांडलात तर काम लांबतं. इलेक्ट्रिशियनचा नकाशा घेऊन या, लवकर होतं.

@कासारवडवलीकर, गाडी नंतर बघा. आधी पार्किंग कुठलं आहे ते सांगा.

भाड्याचं_घर

सेक्रेटरी साहेबांना दंडवत. आमच्याकडे असा सेक्रेटरी असता तर! मी ऐरोलीला भाड्याने. घरमालक म्हणाला, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, तिथे चार्जर कसला? दर अकरा महिन्यांनी करार. त्यामुळे मी पब्लिक फास्ट चार्जरवरच आहे. खरं सांगतो, भाडेकरूने ईव्ही घेऊ नये. या फास्ट (डीसी) चार्जरला युनिटचे २० ते २५ रुपये पडतात, जीएसटी वेगळा, आणि रविवारची सकाळ तिथेच जाते. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग मंदावतं, मागचा माणूस हॉर्न वाजवतो.

आयटीतला_बैल

आणि अॅप! प्रत्येक चार्जर कंपनीचं वेगळं अॅप, प्रत्येकाचं वेगळं वॉलेट, प्रत्येकात किमान रक्कम भरा. माझे पैसे इतक्या वॉलेटमध्ये थोडे थोडे अडकलेत की मृत्युपत्रात लिहावं लागणार आहे.

काठावरचा

मेट्रो ४ सुरू झाली की गाडीच कशाला हवी? सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखच्या बाजूला चाचणी झाली म्हणे.

माजिवडा_सिग्नल

चाचणी झाली हे खरं. पण ती वडाळ्याला जाते, धागाकर्त्याला महापेला जायचंय. मेट्रोने महापेला जायचं म्हणजे आधी वडाळ्याला मुंबईदर्शन.

कणकवलीकर

गावच्या प्रवासाबद्दल मी लिहितो, कारण कोकणात ईव्हीने जातो आणि गणपतीतही गेलो आहे.

एरवी काही त्रास नाही. ४५ किलोवॅट-अवरच्या नेक्सॉन ईव्हीचा एआरएआयचा (गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचा) आकडा एका चार्जला ४८९ किमी आहे, पण त्यावर जाऊ नका. कंपनी स्वतःच प्रत्यक्षातला आकडा ३५० ते ३७० सांगते, आणि एसी लावून, चार माणसं नि सामान भरून हायवेला त्याच्याही खाली येतो. ठाण्याहून भरून निघालो की चिपळूणच्या आसपास जेवण आणि चार्जिंग एकत्र होतं. कशेडीला आता बोगदा आहे, चढाचा खर्च तेवढा वाचतो. उतारावर गाडी थोडी वीज परत घेते, पण चढाला गेली तेवढी सगळी परत येत नाही. या रीजनच्या, म्हणजे परत मिळणाऱ्या विजेच्या, नावाने काही लोक भलत्याच कथा सांगतात.

गणपतीत मात्र वेगळा खेळ. चार्जरला दोन गन (गाडीला लावायचे प्लग), त्यातली एक बंद. गार्डने वही काढून नंबर लावले होते, रेशनच्या दुकानासारखे. पुढे चार गाड्या म्हणजे तीन तास गेले. मूर्ती मांडीवर घेऊन बसलेले एक आजोबा होते, त्यांनी चार्जर कंपनीच्या कुळाचा उद्धार केला तो इथे लिहिता येत नाही.

खरी मजा घरी पोचल्यावर. पोर्टेबल चार्जर पडवीतल्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावला तर लाल दिवा लुकलुकला. पॉइंट जुना, तिसरी, अर्थिंगची तार आत कुठेच जोडलेली नव्हती. आमची मिक्सर-इस्त्री वर्षानुवर्षं त्यावर चालली, कोणी विचारलं नाही. गाडीने विचारलं. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने विहिरीच्या पंपामागे खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला, वरून दोन कळश्या पाणी ओतलं आणि तार पडवीपर्यंत आणली. मग हिरवा दिवा. काका खांबाला टेकून सगळं बघत होते. म्हणाले, "गणपतीक इलंस की गाडयेक करंट पाजूक?"

संध्याकाळी आरतीच्या वेळेला सगळ्या वाडीचे दिवे लागले की व्होल्टेज पडतं आणि चार्जिंग थांबतं. रात्री दहानंतर लावायची. लांज्याला जाणार असाल तर गाडी घेण्याआधी घराचं अर्थिंग करून घ्या. गाडी नाही घेतलीत तरी करा.

सीएनजीवाला

मूर्ती मांडीवर घेऊन तीन तास! यावर मी काहीच बोलत नाही. (बोललो.)

कणकवलीकर

गणपतीत माणगावला सगळेच थांबतात. तुमची सीएनजी उडत जाते का? उलट ट्रॅफिकमध्ये उभं असताना ईव्हीचा फक्त एसी खातो, इंजिन फुकट जळत नाही.

तुंबलेलं_ठाणे

पाण्याचं कोणीच काढलं नाही? वंदना एसटी डेपोपाशी पाणी भरलं, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली भरलं, तर विजेची गाडी न्यायची कशी? शॉक?

गॅरेज_बंधू

शॉकचं डोक्यातून काढा. बहुतेक बॅटऱ्या आयपी६७ असतात, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतील अशी चाचणी झालेली. गळती दिसली की सिस्टीम हाय व्होल्टेज स्वतः तोडते. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरपर्यंत पाणी आल्यावर लोक घाबरून परत सेल्फ मारतात, इंजिन पाणी ओढतं, कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलैमध्ये आमच्या गॅरेजात अशाच गाड्यांची रांग असते. पण म्हणून ईव्ही घेऊन पाण्यात घुसू नका. मीटरभर पाणी म्हणजे सीटवर पाणी. कार्पेट, वायरिंग, मॉड्यूल, सगळं गेलं.

माझी भीती वेगळी. घोडबंदर रोडचे खड्डे. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. मोठ्या खड्ड्यात किंवा उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर पोट आपटलं आणि केसिंगला चेप आला तर कंपनी केस खोलत नाही, थेट बॅटरीचं कोटेशन देते. विम्यात बॅटरी प्रोटेक्शनचं अॅड-ऑन घेतलंच पाहिजे. तिथे पैसे वाचवू नका.

बाकी ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. आमचा धंदा बसणार म्हणून मला आनंद होत नाही, पण खरं ते खरं. ब्रेक पॅड जास्त टिकतात. टायर मात्र लवकर जातात, गाडी जड आणि पिकअप तुफान. आणि एक गंमत: ईव्हीतही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मढं होऊन पडते. पेट्रोलवाल्याला कोणीही नाक्यावर चालू करून देईल. ईव्हीवाल्याला बरेचदा कंपनीचाच माणूस बोलवावा लागतो. रस्त्याकडेचा मेकॅनिक हात लावत नाही, आणि लावू पण नये.

कोळसा_प्रेमी

पण वीज शेवटी कोळशाचीच ना? धूर ठाण्यात नाही, चंद्रपुरात. एवढंच.

आकडेमोड

@कोळसा_प्रेमी बघू. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. युनिटला ६ किमी, म्हणजे किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो. लिटरला १२ किमी, म्हणजे १९० ग्रॅम. बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण ईव्हीच्या खात्यावर जास्त आहे, ते फिटायला गाडी भरपूर चालवावी लागते. महिन्याला ४०० किमीवाल्याला इथेही नैतिक समाधान मिळणार नाही. आणि चंद्रपूरकरांबद्दलचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माजिवडा_सिग्नल

कापूरबावडीला संध्याकाळी बाइकवर उभा राहणारा माणूस मात्र ईव्हीवाल्याला दुवा देतो. मी तो माणूस आहे.

पामबीच_रायडर

अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून ईव्ही गाड्यांना टोल माफ आहे. एका बाजूचे २५० वाचतात. हे कोणीच कसं लिहिलं नाही?

माजिवडा_सिग्नल

कारण ठाण्याच्या माणसाला अटल सेतूचा उपयोग फक्त पाहुण्यांना दाखवायला. ऐरोली आणि मुलुंडचे टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्याच छोट्या गाड्यांना माफ झाले, तिथे ईव्हीचं वेगळं कौतुक नाही.

पामबीच_रायडर

उलव्याहून रोज फोर्टला जाणाऱ्याला विचारा. त्याचा गाडीचा हप्ता त्यातून निघतो.

भाड्याचं_घर

रीसेलचं पण बोला. माझी विकायला काढली तर डीलर म्हणतो, बॅटरीचा भरवसा नाही. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी कागदावर आहे, दाखवली. म्हणे गिऱ्हाईक कागद वाचत नाही.

गॅरेज_बंधू

बरोबर म्हणतो. सध्या ईव्ही घेणाऱ्याने विकायचा विचार करून घेऊच नये. आठ वर्षं वापरायची तयारी असेल तरच. आणि वापरलेली घेणाऱ्याला मात्र चंगळ आहे, स्वस्तात मिळतात. घेताना बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा.

कासारवडवलीकर (धागाकर्ता)

बापरे, दोन दिवस आलो नाही तर केवढं झालं! सगळ्यांचे आभार, मावशींचे विशेष. सौ.ने त्यांचा गुडघा वाचून दाखवायला लावला.

@वाघबीळ_सेक्रेटरी, तुम्ही विचारलंत म्हणून खाली जाऊन नीट बघितलं. आमचं पार्किंग स्टॅकचं आहे, दोन मजली लोखंडी, आणि आमची वरची प्लेट. खालची शेजाऱ्यांची, त्यांची गाडी डिझेल. वर वायर नेता येईल का?

वाघबीळ_सेक्रेटरी

हलत्या प्लेटवर वायर नेऊ नका. प्लेट खाली येताना केबल अडकली, चेपली, तर आग लागायला ईव्ही लागत नाही. कुठलाही शहाणा इलेक्ट्रिशियन सही करणार नाही. शेजाऱ्यांशी अदलाबदल करा. खालची प्लेट तुम्ही घ्या, लेखी करा, कमिटीकडे नोंदवा. खालच्याच्या मागच्या भिंतीवर पॉइंट बसतो.

आणि ७.२ किलोवॅटचा हट्ट धरू नका. तुमचं रोजचं ४५ किमी म्हणजे सात-आठ युनिट. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तीन तासांच्या आत भरतात. कमिटीला "चार्जर" म्हटलं की धडकी भरते, "पंधरा अँपिअरचा पॉइंट" म्हटलं की होकार येतो.

आयटीतला_बैल

महापेला ऑफिसात चार्जर आहे का तेही बघा. काही आयटी पार्कांमध्ये असतात. फक्त तिथे गाडी लावून दिवसभर मीटिंगमध्ये बसू नका, लोक डेस्कवर शोधत येतात.

सीएनजीवाला

शेजाऱ्यांनी खालची प्लेट दिली नाही तर? तेव्हा मी आहेच.

कासारवडवलीकर (धागाकर्ता)

शेजाऱ्यांशी बोललो. ते तयार आहेत, पण रोज गाडी खाली-वर करण्यात त्यांचा वेळ जाणार, म्हणून म्हणाले, "आमच्या हिला रविवारी दादरला सोडायचं." ठीक आहे, विजेवर सोडू. बाबांना लांज्याच्या अर्थिंगचं सांगितलं तर तेच उत्साहाने वायरमनला फोन करून बसलेत, म्हणतात गाडी येवो न येवो, खड्डा खणून ठेवू. गणपतीला मात्र रेल्वेची तिकिटं काढणार आहे, कणकवलीकरांच्या त्या आजोबांची धास्ती घेतली.

आता फक्त सोसायटीची परवानगी. पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, अर्ज दिलाय, त्यात "पॉइंट" असंच लिहिलंय.

वाघबीळ_सेक्रेटरी

शाब्बास. इलेक्ट्रिशियनला सोबत न्या, आणि मीटिंगला समोसे तुमच्याकडून. कोरम होतो.